‘तू ठरव’ म्हटल्यावर कोणी ठरवायचे?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव व ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देत आहे.

‘माझे वय ३३, नवऱ्याचे ३८. लग्नाला सात वर्षे झाली. मूल हवे की नको, हे मला अजूनही सांगता येत नाही. एखाद्या दिवशी फार हवेसे वाटते आणि दुसऱ्याच दिवशी त्या कल्पनेने छातीत धडधडते. नवऱ्याकडे विषय काढला की तो म्हणतो, “तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे.” मागच्या वेळी हे म्हणताना तो कपड्यांच्या घड्या घालत होता आणि त्याने मान वर करून पाहिलेही नाही. गेल्या महिन्यात आरोग्य तपासणीत माझे एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. डॉक्टर म्हणाले, “फार वेळ दवडू नका, नाहीतर स्त्रीबीजे गोठवून ठेवा.” रात्री झोप लागली नाही की मी खणातून तो रिपोर्ट काढते आणि तोच आकडा पुन्हा वाचते. मैत्रीण म्हणते, एवढी चिंता करशील तर त्यानेच दिवस राहणार नाहीत. पन्नाशीत पस्तावा झाला तर काय, ही धास्ती वेगळीच. पुढच्या महिन्यात स्त्रीबीजे गोठवण्याच्या उपचारासाठी तारीख घेतली आहे. ती ठेवू की रद्द करू?’

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मूल हवे आहे का, हा एक. आणि ठरवायला किती वेळ हाताशी आहे, हा दुसरा. रिपोर्ट हातात पडल्यापासून दुसऱ्या प्रश्नाने पहिल्यावर कुरघोडी केली आहे. म्हणून आधी त्या आकड्याविषयीच बोलू या, कारण तो डोक्यात घोळत असेपर्यंत बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही.

एएमएच हे संप्रेरक अंडाशयातल्या लहान, वाढीला लागलेल्या पुटिकांमध्ये, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या पिशव्यांमध्ये, तयार होते. त्यामुळे स्त्रीबीजांचा साठा साधारण किती उरला आहे आणि ती वाढवण्याची इंजेक्शने दिल्यास उपचाराच्या एका खेपेत किती स्त्रीबीजे हाती लागतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यासाठी मात्र महिन्याकाठी एकच स्त्रीबीज पुरते, आणि ते निरोगी असण्याची शक्यता प्रामुख्याने वयावर अवलंबून असते. ॲन स्टाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची पूर्वपीठिका नसलेल्या आणि नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या ७५० स्त्रियांचा मागोवा घेतला होता. ज्यांचे एएमएच ०.७ हून कमी होते, त्यांची बारा पाळीचक्रांत गर्भधारणा होण्याची अंदाजित शक्यता ८४ टक्के निघाली आणि ज्यांचे ठीक होते त्यांची ७५ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या दोन्हींत अर्थपूर्ण फरक नव्हता. तुमचा १.१ हा आकडा तर त्या अभ्यासातल्या ‘कमी’ गटातही बसत नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टच म्हटले आहे की, ज्या स्त्रियांना वंध्यत्वाची अडचण नाही त्यांना पुढील प्रजननक्षमतेविषयी सल्ला देण्यासाठी ही तपासणी वापरू नये. तुमच्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार. पण मूल हवे आहे का, एवढेही न विचारता ‘वेळ दवडू नका’ म्हणणे मला घाईचे वाटते.

याचा अर्थ वेळेला महत्त्व नाही असा नव्हे. वेळेचा हिशोब वयावरून करायचा असतो, आणि तो हाबेमा व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका संगणकीय प्रारूपाच्या आधारे मांडला आहे. आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराचा, आधार न घेता एक मूल होण्याची शक्यता ९० टक्के ठेवायची असेल, तर स्त्रीचे वय ३२ होईपर्यंत प्रयत्न सुरू व्हायला हवेत. ७५ टक्क्यांवर समाधान मानायचे असेल तर ३७ पर्यंत. दोन मुले हवी असतील तर हीच वये अनुक्रमे २७ आणि ३४ वर येतात. हे सरासरीचे आकडे आहेत, तुमच्या शरीराविषयीचे भाकीत नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. तुम्हा दोघांना एकच मूल हवे असेल तर विचाराला अजून बऱ्यापैकी अवधी आहे, दोन हवी असतील तर तो पुष्कळच कमी आहे, आणि ‘एक की दोन’ या विषयावर तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. बहुतेक घरांत हा प्रश्न पहिले मूल झाल्यावरच निघतो. तो आधी काढला तर थांबण्याचे गणित बदलते.

ही माहिती तुम्हाला आधी नव्हती म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कार्डिफ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ देशांतल्या १०,००० हून अधिक लोकांना प्रजननक्षमतेविषयी १३ साधे प्रश्न विचारले होते. ही सगळी मुलासाठी प्रयत्न करत असलेली माणसे होती, तरी त्यांची सरासरी सुमारे ५७ टक्के बरोबर उत्तरांची निघाली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एक दिवस हवेसे वाटते, दुसऱ्या दिवशी धडधडते, आणि याला तुम्ही स्वतःच्या मनाचा कमकुवतपणा समजत आहात. प्रजननविषयक निर्णयांच्या मानसशास्त्रावर अनेक दशके काम केलेले वॉरन मिलर यांची मांडणी येथे उपयोगी पडेल. मूल होण्याची इच्छा आणि मूल न होण्याची इच्छा या एकाच काट्याच्या दोन बाजू असून एक वर गेली की दुसरी खाली येते, असे आपण गृहीत धरतो. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दोन्ही स्वतंत्रपणे मोजल्या. तेव्हा माणसांचे चार गट दिसले: फक्त हवे असणारे, फक्त नको असणारे, दोन्ही इच्छा तीव्र असणारे आणि दोन्ही क्षीण असणारे. शेवटच्या दोन गटांतली माणसे बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोघेही ‘माहीत नाही’ म्हणतात. आत मात्र एकाच्या मनात रस्सीखेच चाललेली असते आणि दुसऱ्याच्या मनात फारसे काहीच नसते. पत्रावरून तुम्ही रस्सीखेच चाललेल्या गटातल्या वाटता. तुमच्या नवऱ्याविषयी मला काही सांगता येणार नाही, आणि खरे म्हणजे तुम्हालाही सांगता येत नाही. हीच या पत्रातली खरी अडचण आहे.

ही मांडणी मान्य केली तर एक ओझे उतरते. तुम्ही शंभर टक्के खात्री पटण्याची वाट पाहत आहात. पण ज्यांच्या दोन्ही इच्छा प्रबळ आहेत, त्यांना अशी खात्री बहुधा कधीच मिळत नाही आणि निर्णय झाल्यानंतरही दुसरी इच्छा मनातून पुसली जात नाही. आईपण आनंदाने निभावणाऱ्या कितीतरी बायकांच्या मनात गमावलेल्या मोकळेपणाची खंत असते, आणि मूल नको असे ठरवून समाधानाने जगणाऱ्यांनाही एखाद्या दिवशी चुटपुट लागते. त्या खंतीवरून निर्णय चुकला असे सिद्ध होत नाही. तेव्हा ‘हो’ की ‘नाही’ हे स्वतःला विचारणे काही दिवस थांबवा. एका कागदावर मूल असण्याची ओढ किती हे शून्य ते दहामध्ये लिहा, आणि दुसऱ्या वेगळ्या कागदावर मूल नसण्याची ओढ किती ते. मग प्रत्येक आकड्याखाली कारणे मांडा आणि प्रत्येक कारणापुढे ते कोणाचे आहे हे लिहा. स्वतःचे, नवऱ्याचे, दोन्ही घरच्यांचे, की त्या रिपोर्टचे? ज्या कारणांपुढे दुसऱ्या कोणाचे नाव येईल, ती लगेच खोडू नका. इतरांना आनंद व्हावा असे वाटणे हेही आपलेच वाटणे असू शकते. पण ती ओळखू यायला हवीत.

हे करताना एका सापळ्यापासून सावध राहा. भविष्यातल्या एखाद्या घटनेने आपल्याला किती सुख किंवा दुःख होईल याचा अंदाज बांधताना माणूस त्या एकाच घटनेवर नजर रोखतो आणि भोवतीचे रोजचे जगणे विसरतो, हे टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, आवडता फुटबॉल संघ जिंकल्यावर किती आनंद होईल हे विद्यार्थ्यांना विचारले होते. ज्यांनी आधी पुढच्या एखाद्या दिवसात आपण काय काय करणार आहोत हे तासांनिशी लिहून काढले, त्यांचे अंदाज पुष्कळ माफक निघाले. सामन्यापेक्षा तुमचा विषय फार मोठा आहे, पण युक्ती येथेही चालते. ‘आई झाल्यावर मला कसे वाटेल’ याऐवजी पाच वर्षांनंतरचा एखादा साधा मंगळवार लिहून काढा. उठणे कधी, कामावर कोण आधी निघणार, आजारी मुलाजवळ कोण थांबणार, संध्याकाळी साडेसात वाजता कोण काय करते आहे. मग मूल नसलेला मंगळवारही तितक्याच बारकाईने लिहा. त्यात फक्त प्रवास आणि निवांतपणा भरू नका, तोही कामाचाच दिवस आहे. दोन्ही पाने नवऱ्यानेही वेगळी लिहावीत, असा माझा आग्रह आहे. ते का, हे पुढे सांगते.

पन्नाशीतल्या पस्ताव्याबद्दल थोडेच सांगते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले की, नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त होतो आणि दीर्घ काळानंतर न केलेल्या गोष्टींचा. हा निष्कर्ष ‘मग मूल होऊ द्याच’ अशा थाटात पुष्कळदा वापरला जातो, आणि तो वापर मला पटत नाही. न केलेल्या गोष्टीचे चित्र मनात हवे तितके रंगवता येते, म्हणून ती जास्त सलते. ती केली असती तर बरे झाले असते, असे त्यातून निघत नाही. शिवाय मिशिगनमध्ये जेनिफर आणि झॅकरी नील यांनी केलेल्या पाहणीत, मूल नको असे स्वतःहून ठरवलेल्या ज्येष्ठांना आयुष्याचा पस्तावा पालकांपेक्षा अधिक असल्याचे आढळले नाही. येथे ‘स्वतःहून ठरवलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हवे असून झाले नाही, किंवा ठरवता ठरवता वेळ निघून गेली, अशांची गोष्ट वेगळी असते. पस्ताव्याची धास्ती बाळगायचीच असेल, तर ती या शेवटच्या शक्यतेची बाळगा, कारण तुमच्या घरात सध्या तेच घडते आहे. निर्णय झालेला नाही असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात दर महिन्याला ‘आत्ता नको’ हा निर्णय कोणी तोंडाने न बोलता घेतला जातो आहे.

तो कोण घेत आहे, हे पाहण्यासाठी तुमच्या नवऱ्याकडे वळायला हवे. ‘तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे’ हे वाक्य कानाला उदार वाटते, आणि कदाचित ते मनापासूनही असेल. शरीर तुमचे, त्रास तुमचा, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा, असे त्यांना म्हणायचे असेल तर ते रास्तच आहे. पण शेवटचा शब्द तुमचा असणे आणि सगळाच विचार तुमच्या एकटीचा असणे यांत फार अंतर आहे. त्यांनी स्वतःचे मत सांगितले नाही, तर तुम्ही ‘हो’ म्हटल्यावर पुढच्या अठरा-वीस वर्षांच्या प्रत्येक जागरणाला ‘तुलाच हवे होते’ हे उत्तर तयार राहते, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्यांच्या मनातल्या संभाव्य दुःखाची जबाबदारीही तुमच्यावरच येते. घड्या घालता घालता दिलेल्या संमतीवर एवढे मोठे पाऊल उचलावेसे वाटत नाही, यात तुमचे काही चुकत नाही.

अभ्यासही हेच सांगतात की या बाबतीत नवरा प्रेक्षक नसतो. एलिझाबेथ थॉमसन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील जोडप्यांच्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखवले की, मूल होण्या-न होण्यावर नवऱ्याच्या इच्छेचा प्रभाव जवळपास बायकोच्या इच्छेइतकाच असतो, आणि दोघांत मतभेद असेल तर कल मूल न होण्याच्या बाजूला झुकतो. वयाचा प्रश्नही एकट्या तुमचा नाही. युरोपातल्या ७८२ जोडप्यांच्या माहितीवरून डन्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, स्त्रीचे वय ३५ ते ३९ असताना वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहण्याचे प्रमाण पुरुष ३५ वर्षांचा असेल तर १८ टक्के आणि ४० वर्षांचा असेल तर २८ टक्के येते. तुमचे यजमान ३८ वर्षांचे आहेत. तपासणी झाली ती मात्र फक्त तुमची, आणि रात्री जागणाऱ्याही एकट्या तुम्हीच. मला हे पटत नाही, आणि नीट सांगितले तर त्यांनाही ही विभागणी रास्त वाटणार नाही असे वाटते.

म्हणून बोलण्याची पद्धत बदला. आत्तापर्यंत विषय निघाला तो इतर कामांच्या अधेमधे, आणि प्रश्न बहुधा ‘मग काय करायचे?’ असा होता. त्याला ‘तू ठरव’ हे उत्तर सहज देता येते. या वेळी दिवस आणि वेळ आधी सांगून बसा, आणि सल्ला मागू नका, मत मागा: ‘मी या घरात नसते आणि हा प्रश्न तुला एकट्याला सोडवायचा असता, तर तुझी ओढ किती असती? नकोसेपणा किती असता?’ वर सांगितलेले दोन कागद आणि दोन मंगळवार त्यांनीही तुम्हाला न दाखवता लिहावेत, मगच अदलाबदल करावी. आधी तुमचे वाचले तर ते त्याला सावरून घेणारेच काहीतरी लिहितील. पहिल्या बैठकीत निर्णय काढायचा नाही असे आधीच ठरवून टाका, म्हणजे दोघांनाही खरे लिहिण्याची भीती कमी वाटेल. त्यांच्या कागदावर दोन्ही आकडे अगदी लहान निघाले, तर ते मोठे मतभेद निघण्यापेक्षा जड जाईल. तरी तेही तुम्हाला कळलेले बरे.

यानंतर विचाराला एक मुदत घाला. तुमच्या वयाला सहा महिने हा मुळीच उशीर नव्हे. त्या मुदतीच्या शेवटी प्रयत्न सुरू करायचे ठरले, तर दोघांनीही एकदा डॉक्टरांना भेटावे. तुम्ही फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावे. आणि बीजोत्सर्गाचा, म्हणजे स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याचा, दिवस धरून त्याआधीचे पाच असे सहाच दिवस गर्भधारणेला अनुकूल असतात, एवढे ध्यानात ठेवावे. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून यश आले नाही, की तपासण्या कराव्यात, आणि त्यात वीर्यतपासणी पहिल्या फेरीतच असावी. मुदत संपूनही यजमान ‘तू ठरव’ याच्या पुढे सरकले नाहीत, तर दोघे मिळून समुपदेशकाकडे जा. तेव्हा प्रश्न मुलापुरता उरलेला नसेल.

मैत्रिणीचे म्हणणे सोडून द्या. बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचारांपूर्वीची चिंता वा खिन्नता आणि उपचारांचे अपयश यांत संबंध आढळला नाही. चिंता कमी व्हावी ती तुम्हाला झोप लागावी म्हणून. तिच्यामुळे तुम्ही स्वतःच्या शरीराचे काही बिघडवत आहात, हा दोष मात्र माथी घेऊ नका.

उरला तारखेचा प्रश्न. स्त्रीबीजे गोठवणे हा उपचार अनेक ठिकाणी रुळला आहे. अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने त्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ मध्ये काढला. त्यातून शक्यता विकत घेता येते, खात्री नाही. गोल्डमन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या हिशोबानुसार एक मूल होण्याची शक्यता ७५ टक्के व्हावी यासाठी ३४ व्या वर्षी सुमारे १०, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१ परिपक्व स्त्रीबीजे साठवावी लागतात, आणि तुमच्या एएमएचचा खरा उपयोग येथे आहे: एका खेपेत किती मिळतील हे त्यावरून कळेल, म्हणजे एक खेप पुरेल की दोन लागतील हेही विचारता येईल. पण हा उपचार मुख्यतः ज्यांना जोडीदार नाही, किंवा ज्यांच्या अंडाशयांना आजाराने वा औषधांनी धोका आहे, त्यांची अडचण सोडवतो. तुमचा जोडीदार घरातच आहे, आणि दोघांचे बोलणे व्हायचे राहिले आहे. त्या बोलण्याच्या जागी हा उपचार करून घेतला, तर इंजेक्शने आणि खर्च सोसूनही तुम्ही दोन वर्षांनी याच जागी उभ्या असाल. ज्यांनी पुरेशी माहिती घेऊन आणि भावनिक आधार असताना हा निर्णय घेतला, त्यांना त्याची रुखरुख कमी लागते, असे अमेरिकेतील एका पाहणीत दिसले आहे. सध्या तुमच्याजवळ माहिती अर्धी आहे आणि आधार ‘तू ठरव’ एवढाच. तेव्हा तारीख रद्द करू नका, तीन महिने पुढे ढकला. दवाखान्यात फोन करून एवढे सांगणे पुरे. तोवर दोघांची बैठक झालेली असेल आणि ‘पाच वर्षे थांबायचे आहे, पण दार बंद करायचे नाही’ असे दोघांचे मिळून ठरले असेल, तर जरूर जा; फक्त त्या दिवशी यजमानांनाही बरोबर न्या आणि किती स्त्रीबीजे, किती खेपा, एकूण किती खर्च, हे प्रश्न त्यांना विचारू द्या.